पहिल्या घरची अक्का

आमच्या गल्लीत पुराचं पाणी चढायला लागलं की आधी काय करायचं? काही नाही. हातावर हात ठेवून गप बसायचं. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आमच्याकडे येड्यांकडं बघावं तसा बघतो. बघू द्या. आमच्यात रीतच तशी होती. गोदावरीला गोदावरी शाळेच्या पुस्तकात म्हणायचं, नांदेडात ती गंगा. ही गंगा घाटावरच्या दगडी नंदीच्या मुडपलेल्या गुडघ्याला लागली की गल्लीतल्या पहिल्या घरच्या बाईनं खाली उतरायचं, खण-नारळानं गंगेची ओटी भरायची आणि परत वर येताना हाळी द्यायची, "गंगा भरली गं, उचला!" मग काय ती पळापळ. पोती माळ्यावर, गाद्या खुंटीवर, टीव्ही शेजारच्या माडीवर. पण त्या हाळीच्या आधी कुणी पिठाचा डबा जरी उचलला तरी तो अपशकुन. ते गंगेला आवतण दिल्यासारखं होतं. आमचं आवरून झालंय, या आता घरात, असं.

त्या पहिल्या घरची बाई म्हणजे महानंदा अक्का. गल्लीचा उतार जिथं घाटाच्या पायऱ्यांना मिळायचा, तिथं उजव्या हाताला तिचं घर. ती निलंग्याकडून लग्न होऊन आलेली, लिंगायताची. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, तोंडात लवंग. अंगानं लहानखुरी, पण आवाज असा की घाटावरून बोलली तर वरच्या चौकातल्या रिक्षावाल्यानं मान वळवावी. आता ती नाही. लेकीकडं निलंग्याला गेली होती थंडीत, तिथंच गेली. पण अजून कुणाचा मोठा आवाज आला की मी आपली दाराशी जाते. वाटतं, अक्का कुणाला तरी झापून राहिली.

झापण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. मी या गल्लीत सून म्हणून आले तेव्हा पहिली बोलणी मी तिचीच खाल्ली. सकाळी दारात सडा टाकत होते, पाणी उतारानं वाहत तिच्या ओट्यापर्यंत गेलं. ती खालून ओरडली, "काय गं मास्तरीण, गंगा कमी पडली का मला, की वरून तू बी सोडून राहिलीस?" मी शाळेत चाळीस पोरांना गप करणारी, पण त्या दिवशी रडत घरात आले. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीच्या हातून कारळाच्या चटणीची वाटी आली. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "खा. अक्काची चटणी आली म्हणजे चूक तिची होती, असं समजायचं. तोंडानं ती मेली तरी म्हणायची नाही." पुढं मला त्याचा अंदाज आला. भांडण झाल्यावर चटणी आली की चूक तिची, नाही आली की आपली. चटणी मात्र अशी की वाटायचं, भांडावं हिच्याशी रोज.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं. घाटावर दहाव्याला येणाऱ्या लोकांना लागतं ते सगळं तिच्याकडं मिळायचं. काळे तीळ, दर्भ, पत्रावळी, मडकी, पांढरं कापड. गंमत अशी की हिच्या जातीत हे काहीच नाही. त्यांच्यात माणूस गेला की मातीत बसवतात, संपलं. ती म्हणायची, "आमच्यात पिंड न्हाई की कावळा न्हाई. तुमचे कावळे लई नखऱ्याचे बाई." पण कुणाच्या पिंडाला कावळा शिवेना झाला की हिचा जीव राहायचा नाही. एकदा मुखेडकडची माणसं आलेली, म्हातारा गेलेला. उन्हं डोक्यावर आली तरी कावळा कठड्यावर बसून नुसता बघतोय. मुलं नवसावर नवस बोलून थकली. अक्का दुकानातून उठली, थेट थोरल्या सुनेपुढं जाऊन उभी राहिली. "म्हाताऱ्याला काय आवडत होतं गं?" सून म्हणाली, "मिरचीची भजी. पण डॉक्टरनं बंद केली होती." "डॉक्टर हितं आलाय का?" असं म्हणत अक्का घरात गेली, कढई चढवली आणि भजी तळून आणली. कावळा आला. आता तो भज्याच्या वासानं आला की म्हातारा म्हणून आला, ते त्या कावळ्यालाच ठाऊक. पण ती सून अक्काच्या गळ्यात पडून जी रडली, ते मी बघितलंय.

तिचा नवरा, आप्पा, बाजारात भुसाराचा दलाल होता. शांत माणूस, आणि मुलगा शिवराजही त्याच्यावरच गेलेला. बायको बोलते म्हटल्यावर त्यानं आयुष्यभर बोलायची तसदी घेतली नाही. तो ऐन उन्हाळ्यात गेला, आणि त्याच वर्षी भादव्यात पूर आला. गल्लीत सगळ्यांच्या मनात एकच, पण बोलणार कोण? ओटी सवाष्णीनं भरायची असते. अक्का आता सवाष्ण नाही. पाणी नंदीच्या गुडघ्याला लागलं. बायका दारादारात उभ्या. वरच्या आळीतल्या एक काकू शेवटी पुढं झाल्या, "अक्का, औंदा ताट माझ्याकडं दे." अक्कानं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. म्हणाली, "गंगेला नवरा हाय का?"

काकूंनी हात मागं घेतला.

"तिला न्हाई आणि मला बी न्हाई. मग आमच्या दोघींच्या मधी तू कामून येऊन राहिली?"

आणि गेली उतरून. ईरकलीचा पदर कमरेला खोचलेला, कंबरभर पाण्यात उभी राहून तिनं ओटी भरली. वर येताना हाळी दिली ती नेहमीपेक्षा मोठी. त्या वर्षी पाणी तिच्या उंबऱ्यापर्यंत आलं आणि मागं फिरलं. मग काय विचारता! गल्लीत कुणाची टाप होती पुन्हा बोलायची. काकूंच्या घरी चटणी काही गेली नाही.

आता हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल की घाटावर टॉवर उठायला निघाला तेव्हा हीच बाई आडवी पडली असणार. मलाही तसंच वाटलं होतं. बिल्डरची माणसं खालच्या रांगेत फिरून राहिली होती. नदीकाठची घरं, ती पाडून बारा मजली इमारत, प्रत्येकाला वर फ्लॅट. लोकांचं एकच उत्तर होतं, "पहिल्या घराला विचारा." मी मनात म्हटलं, बरं झालं, आता अक्का यांना पायऱ्यांवरून खाली ढकलते.

अक्कानं सगळ्यांच्या आधी सही केली.

मी तडक खाली गेले. ती दुकानात पत्रावळ्या लावत बसली होती. मी म्हटलं, "अक्का, हे काय करून बसलीस?" तिनं वर बघितलं नाही. "बस," म्हणाली. मग पत्रावळ्या बाजूला सारल्या आणि मला आत नेलं. आतल्या खोलीच्या भिंतीवर पुराच्या रेघा होत्या, एकावर एक. त्यावर हात फिरवत म्हणाली, "मास्तरीण, तुझं घर वर हाय. तुझ्या पायरीला गंगा नुसते पाय धुऊन जाती. माझ्या घरात ती मुक्कामाला असती. मान एका दिसाचा, चिखल महिनाभराचा. गादीत चिखल, डब्यात चिखल, देव्हाऱ्यात चिखल. आप्पा होते तवा दोघं मिळून उपसत होतो. आता कंबर वाकत न्हाई. शिवराजची बायको म्हणती, आत्या, या घरात मी बाळंतीण व्हायची न्हाई. तिचं काय चुकलं?"

मी विचारलं, "आणि ओटी? ओटी कोण भरणार?"

एवढ्यावर मात्र ती उसळली. "कोण म्हंजे? मी काय मेले का? बाराव्या मजल्यावरून बघत बसीन. नंदीला पाणी लागलं की लिफ्टमधी बसून खाली येईन. तुम्हाला हाळी मिळल्याशी मतलब." आणि मग जरा हसून, "वरून तर लवकरच दिसंल की गं."

हा तिचा शब्द होता. तो तिनं गल्लीत घरोघर दिला. पहिल्या घरानं सही केल्यावर खालची सगळी रांग गेली. वरची आमची घरं योजनेत नव्हती, ती तशीच राहिली. गल्लीचे दोन तुकडे झाले.

इमारत उठायला लागली तसे एकेक रंग दिसायला लागले. आधी पायासाठी मुरुम आणून टाकला. टिपरवर टिपर, माणसापेक्षा उंच भराव. गल्लीच्या मागून एक नाला गंगेला जातो, त्याचं पाणी पूर्वी पावसाळ्यात शेजारच्या मोकळ्या मैदानात पसरायचं. त्या मैदानावर पार्किंग आलं. मग भिंत आली. मग गेट आलं, गेटवर वॉचमन आला. आमच्या पायाखालचा घाट, पण जायचं तर आता चौकातून वळसा घालून. दहाव्याला येणारी माणसंही दुसऱ्या घाटाला वळवली. बिल्डरचा माणूस अक्कालाच म्हणाला होता, "आजी, गिऱ्हाइकाला बाल्कनीतून नदी बघायची असते. हजामत आणि पिंड कुणी बघत नाही." खाली दुकानाला गाळा द्यायचं ठरलं होतं. तिथं जनरेटर बसला. अक्का त्यावर भांडली, चांगली भांडली, पण ज्याच्याशी भांडायचं तो माणूस दर महिन्याला बदलत होता. भांडणाला समोर माणूस एक असावा लागतो.

नंदीचं काय झालं, ते सांगायलाच हवं. इमारतीच्या पुढं त्यांनी बाग केली, भरावावर. घाटावरचा नंदी तिथनं उचलून या बागेत आणला, ग्रॅनाइटच्या चबुतऱ्यावर बसवला, खालून निळा दिवा सोडला. पूजेला अक्काच होती. तिला साडी नेसवली, फोटो काढले. मला बोलावलं होतं तिनं. नंदीच्या पाठीवरून हात फिरवत मला म्हणाली, "बघ, त्येचे बी पाय कोरडे झाले." ती खूश होती. मीसुद्धा प्रसाद खाऊन घरी आले. त्या दिवशी आम्हा दोघींनाही पुढचं काही दिसलं नाही, आणि याचं मला आजही नवल वाटतं.

आमच्या घराला लागून, नाल्याच्या अंगाला, नसीमचं घर होतं. नसीम शिवणकाम करायची. नवरा गेल्यावर तिनं दोन मशिनींवर घर उभं केलं. लग्नसराईचे घागरे, ब्लाउज, जरीकाम. अक्काचं आणि तिचं भांडण म्हणजे गल्लीचा रोजचा रेडिओ होता. अक्का म्हणायची, "ब्लाउज शिवलाय का पिशवी?" नसीम म्हणायची, "अक्का, बदन देख के शिवी मैं, आपकी जबान देख के शिवती तो चादर लगती." चटणीच्या सगळ्यात जास्त वाट्या नसीमच्याच घरी गेल्या. दरवर्षी हाळी आली की तिच्या दोन्ही मशिनी माझ्या माडीवर यायच्या. हे ठरलेलंच.

टॉवरमध्ये लोक राहायला आल्यावरचा तो पहिलाच मोठा पाऊस. भादवा संपत आलेला. वर दोन दिवस ओतत होता. सकाळी भोंग्याची रिक्षा फिरून गेली, नदीकाठच्यांनी सावध राहावं. ती दरवर्षीच फिरते. मी दारात उभी, नसीम तिच्या दारात. नाला तुडुंब झाला होता, पण नाला कुणी बघतं का? आमचे डोळे टॉवरकडं. आमचे हे म्हणाले, "नसीमच्या मशिनी घ्यायच्या का वर?" मी म्हटलं, "अक्का उतरली कुठं अजून?" नसीमही तेच म्हणाली, "अक्का नहीं उतरी ना अभी. फिर कायकू डरना? पहले उठाई तो बदशगुनी होती." तिच्या घरात गिऱ्हाइकांच्या दोन लग्नांचे घागरे शिवून तयार, खाटेखाली पेटीत ठेवलेले. आम्ही बसून राहिलो. सगळी गल्ली बसून राहिली, जशी आजवर बसत आली तशीच.

आणि पाणी समोरून आलंच नाही. ते मागून आलं. गंगेनं नाला परत लोटला, भरावानं त्याला पसरू दिलं नाही, तो आमच्या अंगावर आला. आधी नसीमच्या मोरीतून वर आला, काळा, घाणीसकट. ती "या अल्ला" म्हणून ओरडली तेवढंच आठवतं. मी धावले तोवर पाणी गुडघ्याला. मशीन उचलायला गेलो, मोटर लावलेली जड मशीन, घसरली हातातून. मग मागची भिंतच बसली. आम्ही माणसं तेवढी माडीवर ओढली. मशिनी राहिल्या, पेटी राहिली. माडीच्या खिडकीतून बघते तर लाल जरीचा घागरा गल्लीतून तरंगत चाललेला, जसा काय कुणी नेसून निघालंय.

आणि अक्का?

अक्का सकाळपासून बाल्कनीत बसून होती. हे तिनंच मला नंतर सांगितलं. ईरकल नेसून, ताट मांडीवर घेऊन. खण, नारळ, हळकुंड, सगळं मांडून. तिची नजर नंदीवर. गंगा एवढी मोठी झालेली तिला दिसत होती, पण नंदी कोरडा. "नंदी कोरडा होता, मास्तरीण," ती मला पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "मीच पूजा केली होती त्येला वर बसवताना. मीच. आणि मीच बसले बघत, की आता लागंल पाणी, मग लागंल." बाई जन्मभर ज्या खुणेवर चालली, ती खूण तिच्याच डोळ्यांदेखत उचलून वर ठेवली होती, आणि तिच्या डोळ्यांना ते उमगलंच नाही. आम्हाला तरी कुठं उमगलं होतं? ती नंदीकडं बघत होती, आम्ही तिच्याकडं.

लोक माझ्या माडीवर चढलेले दिसले तेव्हा तिला कळलं. तोवर वीज गेली होती, लिफ्ट बंद. ती बारा मजले जिन्यानं उतरली, ताट हातात तसंच. शिवराज मागून ओरडत होता. वॉचमननं गेट उघडायला नाही म्हटलं, तर त्याला जे काही बोलली ते त्यानं गावाकडं जाऊनही सांगितलं असेल. ती आमच्या दारापर्यंत आली तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं. नसीम माझ्या पायरीवर बसली होती, मांडीवर भिजलेल्या कापडांचा ढीग. अक्का तिच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता नसीमचं तोंड सुटणार. सुटलं असतं तर बरं झालं असतं.

नसीमनं मान वर केली आणि एवढंच म्हणाली, "हम आपकी राह देखते बैठे, अक्का."

अक्काच्या हातात ताट तसंच होतं. नारळ त्यात इकडून तिकडं गडगडत होता.

दुसऱ्या दिवशी अक्का स्वतः वाटी घेऊन आली. कारळाची चटणी, वर तेलाची धार. नसीम घर आवरून राहिली होती, म्हणजे जे उरलं होतं ते. वाटी उंबऱ्यावर ठेवून अक्का गेली. संध्याकाळी ती वाटी टॉवरच्या गेटवर वॉचमनकडं परत आली, चटणीसकट, जशीच्या तशी. आमच्यात वाटी रिकामीसुद्धा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. चटणी परत करणं मी कधी ऐकलं नव्हतं. आठवड्याभरात नसीम देगलूर नाक्याच्या पलीकडं भाड्याच्या खोलीत गेली, वरच्या मजल्यावर. जाताना मला भेटली. टॉवरकडं तिनं मान वळवली नाही.

त्यानंतर अक्का भांडायची बंद झाली. हे मला सगळ्यात वाईट वाटलं, खरंच सांगते. भाजीवाल्यानं कमी तोललं तरी गप्प. सडा तिच्या पायावर उडाला तरी गप्प. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "अक्का, यंदाच्या चटणीत मीठ जास्त झालं." ती म्हणाली, "झालं असंल." मला रडूच आलं. मी शिवराजला म्हटलं, आईला डॉक्टरकडं ने. तो बिचारा काय करणार. म्हणाला, "बाई, दिवसभर नाल्याकडं बघून राहते. जेवण न्हाई, काही न्हाई. फ्लॅट विकून टाकू म्हणतो, तर म्हणती, विकून जाशील कुठं?"

वर्ष गेलं. वॉचमनला सांगून ती अधूनमधून आमच्याकडं यायला लागली. येऊन बसायची नाही. नसीमच्या पडक्या भिंतीपाशी जायची, कडेनं नाल्यात वाकून बघायची. नाला म्हणजे काय, पिशव्या, बाटल्या, उकिरडा. नाक धरून माणसं जातात तिथनं. एकदा मला म्हणाली, "मास्तरीण, हिला बी गंगाच म्हणायचं का गं?" मी म्हटलं, "पाणी तर तिचंच की, अक्का." ती हं म्हणाली आणि गेली.

मी तिला शेवटची नीट बघितली ती पुरानंतरच्या पावसाळ्यात. दुपारची वेळ. पाऊस फार नव्हता, पण धरणाचे दरवाजे उघडले असं ऐकलं होतं. मी शाळेतून येऊन चहा टाकत होते, तर गेट वाजलं. बघते तर अक्का. ईरकल नेसलेली, पदर डोक्यावरून, हातात ओटीचं ताट. मागं शिवराज छत्री घेऊन. "आई, तिकडं नको गं. वरून लोक मोबाईलवर शूटिंग काढून राहिलेत." खरंच, बाल्कनीबाल्कनीत माणसं वाकून बघत होती. अक्कानं वर पाहिलं नाही. बागेतल्या नंदीकडंही नाही. ती सरळ नाल्यावर आली, नसीमच्या मोरीच्या तोंडाशी, आणि त्या घाणीच्या काठावर पाय रोवून उभी राहिली.

मी तिचा दंड धरला, पाय घसरेल म्हणून. तिनं हळद-कुंकू वाहिलं. खण सोडला. तांदूळ सोडले. नारळ सोडला, तो दोन हात गेला आणि प्लॅस्टिकच्या गठ्ठ्यात अडकला. तिनं वाकून, काठीनं ढोसून त्याला वाट करून दिली. गेला. मग ती वळली, आणि वर्षभर जो आवाज मी ऐकला नव्हता तो आला, "गंगा भरली गं, उचला!"

आवाज चिरका झाला होता. पण दारं उघडली. जी चार घरं गल्लीत उरली होती त्यांची दारं उघडली, आणि कुणी विचारलं नाही, की पाणी कुठंय. माणसं उचलायला लागली.

नसीमच्या दाराला कुलूप होतं. अक्का त्या कुलपापुढं थांबली. मग मला म्हणाली, "नसीमला फोन लाव."

मी म्हटलं, "अक्का, ती तुझ्याशी बोलत नाही."

"तुझ्या फोनवरून लाव म्हणते मी."

मी लावला. नसीमनं उचलला. मी काही बोलायच्या आत अक्कानं फोन हिसकावला. आपलं नाव सांगितलं नाही. माफी नाही, हालहवाल नाही. म्हणाली, "नसीम. गंगा भरली. उचल गं."

नसीमची खोली कुठं, गंगा कुठं! तिथं गंगा सात जन्मात पोचायची नाही. अक्का फोन कानाला दाबून उभी, डोळे मिटलेले. मी जवळ होते म्हणून मलाही ऐकू आलं. आधी काहीच नाही. मग फरशीवरून काहीतरी जड ओढल्याचा आवाज. मशीनचा. नसीमनं नवी घेतली होती, हप्त्यानं. मग खाट करकरली.

"उठाई, अक्का," नसीम म्हणाली.

"खाटेवर ठिवली का?"

"हौ. खाटपोच ठिवी."

अक्कानं फोन माझ्या हातात दिला. तोंडावरून पदर फिरवला. मग माझ्या उघड्या दारातून आत तिची नजर गेली, आणि पदर कमरेला खोचत ती माझ्यावर ओरडली, "उभी काय राहिलीस मास्तरीण तोंड बघत? तो पिठाचा डबा कोण उचलणार, तुझा बाप?"